‘ट्रेसपास’ या शब्दाला साक्षीला बोलावू नका

इंग्लंडच्या नैऋत्य कोपऱ्यात डार्टमूर नावाचं विस्तीर्ण माळरान आहे. तिथे तंबू ठोकून रात्र काढायची तर जमीनमालकाची परवानगी हवी का, या एवढ्याशा प्रश्नाने तीन न्यायालयांच्या पायऱ्या चढल्या. जानेवारी २०२३ मध्ये उच्च न्यायालय म्हणालं, हवी. त्याच वर्षीच्या जुलैत अपील न्यायालय म्हणालं, नको. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने अपील न्यायालयाचाच निर्णय कायम केला. मधल्या काळात, झोपलेला माणूस मोकळ्या हवेतल्या करमणुकीचा आनंद घेत असतो की नुसताच झोपलेला असतो, यावर विद्वान न्यायाधीशांनी गंभीरपणे खल केला. खटला संपला, त्याच्या मागचा मोठा वाद मात्र संपला नाही. दुसऱ्याच्या मालकीच्या रानातून, काहीही न मोडता, न उचलता, नुसतं चालत जाणारा माणूस काही चूक करतो का? इंग्लंडमध्ये या कृत्याचं नाव ‘ट्रेसपास’, आणि दोन्ही पक्षांनी हल्ली या शब्दालाच साक्षीला उभं करायची सवय लावून घेतली आहे.

मालकांच्या बाजूचे लोक सांगतात की हा शब्द मुळात पापाचा आहे. ख्रिस्ती प्रार्थनेत ज्यासाठी क्षमा मागायची ते हेच, तेव्हा हद्द ओलांडणं हा इंग्रजी मनाला पूर्वापार अपराधच वाटत आला आहे. भटकंतीवाले उलट टोकाला जातात. त्यांच्या मते शब्दाचा मूळ अर्थ ‘पलीकडे जाणे’ एवढाच निष्पाप आहे, त्याला गुन्ह्याचा वास नंतर जमीनदारांनी लावला. दोन्ही व्युत्पत्ती अर्ध्याच सांगितलेल्या आहेत. पण त्या पूर्ण सांगितल्या तरी वाद सुटणार नाही, कारण शब्द कुठून आला यावरून कायदा कुठे जावा हे ठरत नाही. माझ्या मते या शब्दाच्या इतिहासाचा उपयोग दुसराच आहे. हद्दीची ही रेघ कायद्याने किती वेळा सरकवली आणि प्रत्येक वेळी कोणाच्या सोयीने, हे त्यात स्वच्छ दिसतं. विमानासाठी सरकली, तेलविहिरीसाठी सरकली. मग पायी चालणाऱ्याच्या बाबतीतच ती अढळ का, याचा खुलासा मालकांनी करायचा आहे.

आधी व्युत्पत्तीचा हिशेब पुरता करू. मध्ययुगीन लॅटिनमधलं ‘ट्रान्सपासारे’ म्हणजे पार करून जाणं; ‘ट्रान्स’ म्हणजे पलीकडे आणि ‘पासुस’ म्हणजे पाऊल. त्यातून जुन्या फ्रेंचमध्ये ‘ट्रेसपासेर’ आलं. इथवर भटकंतीवाल्यांचं बरोबर आहे. पण पुढे फ्रेंचमध्ये हे क्रियापद आयुष्याची सीमा ओलांडण्यासाठी रूढ झालं, इतकं की आजच्या फ्रेंचमध्ये ‘ट्रेपा’ म्हणजे मृत्यू. इंग्रजीत हा शब्द १३०० च्या आसपास आला, तो सरळ अपराध, पाप, आज्ञाभंग असे अर्थ घेऊनच आला. म्हणजे इंग्रजीपुरतं बोलायचं तर ‘नुसतं पलीकडे जाणं’ हा निष्पाप काळ या शब्दाने फारसा पाहिलेलाच नाही. दुसरीकडे, जमिनीत बेकायदा शिरणं हा अर्थ त्याला ठळकपणे चिकटला पंधराव्या शतकात. विल्यम टिंडलने १५२६ मध्ये बायबलच्या नव्या कराराचं भाषांतर करताना प्रभूच्या प्रार्थनेत हा शब्द वापरला, १५४९ च्या इंग्लिश प्रार्थनापुस्तकाने तो घराघरात नेला, आणि तरीही १६११ च्या किंग जेम्स बायबलने मॅथ्यूच्या शुभवर्तमानातल्या त्याच ओळीत ‘कर्ज’ हा शब्द पसंत केला. ज्या पापाची जागा कर्जाने भरून निघते, त्या पापात कुंपणाचा काय संबंध? प्रार्थना करणारे लोक कोणाच्या शेतातून गेल्याबद्दल क्षमा मागत नव्हते.

कायद्यातली कहाणी याहून रंगतदार आहे. तेराव्या शतकात इंग्लंडच्या राजाच्या न्यायालयात ‘ट्रेसपास’ नावाचा दावा सर्रास दाखल होऊ लागला, तेव्हा त्याचा गाभा जमीन नव्हता, राजाची शांतता हा होता. प्रतिवादीने ‘बळाने आणि शस्त्रांनिशी, राजाच्या शांततेविरुद्ध’ काहीतरी केलं, हे वाक्य अर्जात असलं की मामला राजाच्या न्यायालयात जाई. माणसाला मारहाण केली तरी ट्रेसपास, वस्तू उचलून नेली तरी ट्रेसपास, जमिनीत घुसला तरी ट्रेसपास. लोकांना राजाचं न्यायालय हवं होतं, म्हणून शस्त्रं नसलेल्या ठिकाणीही ती अर्जात अवतरली. १३१७ च्या एका खटल्यात दारूचं पिंप विकत घेणाऱ्याची तक्रार होती की विक्रेत्याने तलवारी आणि धनुष्यबाण घेऊन पिंपातली बरीच दारू काढली आणि त्यात खारं पाणी भरलं. दारूत पाणी घालायला धनुष्यबाण कशाला लागतात, हे विचारायचं नसतं. घोड्याला नाल ठोकताना तो दगावला तर नालबंदावरही बळाचा आणि शस्त्रांचा आरोप होई. पुढे ही सोंगं आवरेनात, तेव्हा ‘विशिष्ट प्रकरणातला ट्रेसपास’ अशी शाखा फुटली आणि त्या शाखेतून आजचा निष्काळजीपणाचा कायदा वाढला. ज्या शब्दाखाली मारहाण, चोरी, भेसळ आणि मेलेला घोडा इतकं सगळं मावलं, त्याच्या पोटात जमिनीच्या पावित्र्याचं सनातन तत्त्व दडलंय असं सांगणं हे इतिहासाचं सोयीस्कर वाचन आहे.

मग जमिनीपुरता हा कायदा इतका कडक कसा झाला? दाव्याचं लॅटिन नाव होतं ‘कुंपण का मोडलंस’ अशा अर्थाचं. कुंपण नसेल तर? विल्यम ब्लॅकस्टोन या कायदेपंडिताने अठराव्या शतकात उत्तर देऊन ठेवलं: कायद्याच्या नजरेत प्रत्येकाची जमीन बंदिस्तच असते, कुठे दिसणाऱ्या कुंपणाने, कुठे केवळ कल्पनेतल्या अदृश्य रेघेने. ती रेघ ओलांडली की नुकसान झालंय हे सिद्ध करायची गरज नाही. चुकून ओलांडली, ही सबबही चालत नाही. १६८१ च्या एका खटल्यात आपलंच समजून शेजाऱ्याचं गवत कापणारा माणूस दोषी ठरला, कारण कापण्याची क्रिया त्याने जाणूनबुजून केली होती. गावाची शेतं उघडी आणि पट्ट्यापट्ट्यांची होती, माळावर गुरं चारायचा, सरपण आणायचा रूढ हक्क होता, तोवर या अदृश्य रेघेचा सामान्य माणसाला फारसा जाच नव्हता. मग आले कुंपणबंदीचे कायदे. १६०४ ते १९१४ या काळात ब्रिटिश संसदेने असे ५,२०० हून अधिक कायदे केले आणि सुमारे ६८ लाख एकर जमीन, म्हणजे इंग्लंडचा पाचवा हिस्सा, त्यांच्याखाली आली. ‘ट्रेसपास’ची व्याख्या तीच राहिली, पण काल ज्या वाटेवर गावकरी हक्काने चालत होता तिथे आज तो घुसखोर ठरला. पूर्वापारचं पावित्र्य म्हणतात ते पुष्कळ ठिकाणी इतकं अलीकडचं आहे.

आता विरुद्ध बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा, जो त्या बाजूचे लोक स्वतः क्वचितच नीट मांडतात. नोव्हेंबर १७६२ मध्ये राजाच्या माणसांनी जॉन एंटिक या लेखकाच्या घराची दारं फोडली, चार तास कागद धुंडाळले आणि ढीगभर कागद उचलून नेले. हातात मंत्र्याचा हुकूम होता. एंटिकने दावा लावला तो ट्रेसपासचाच, आणि १७६५ मध्ये मुख्य न्यायाधीश लॉर्ड कॅमडेन यांनी निर्णय दिला की खासगी मालमत्तेत शिरणं कितीही किरकोळ असो, तो ट्रेसपास आहे. शिरणाऱ्याने आपला अधिकार कायद्यात दाखवावा, आणि मंत्र्याचा हुकूम म्हणजे कायदा नव्हे. सरकारच्या मनमानीविरुद्ध सामान्य नागरिकाच्या हातात इंग्रजी कायद्याने जी थोडी हत्यारं दिली, त्यांपैकी हे एक. नुकसान दाखवायची अट घातली असती तर एंटिकला काय दाखवता आलं असतं, मोडलेल्या कुलपांची किंमत? ‘नुकसान नाही तर अपराध नाही’ असं बेधडक म्हणणाऱ्या भटक्यांनी हा निकाल एकदा वाचावा. हद्दीला स्वतःचं मोल आहे, हे मला मान्य आहे.

शेतकऱ्याची बाजूही वरवरची नाही. विण्याच्या हंगामात मोकळं सुटलेलं एक कुत्रं मेंढ्यांच्या कळपाची दैना करू शकतं. कुत्रं चावल्याविनाही, नुसत्या धावपळीने मेंढी गाभ टाकते. जमिनीवर घरटी करणारे पक्षी पावलांनी उठले की अंडी थंड पडतात. हेदर या झुडपाच्या कोरड्या माळावर एका शेकोटीची ठिणगी पुरते. २००१ मध्ये गुरांत लाळ-खुरकुताची साथ आली तेव्हा इंग्लंडमधल्या पायवाटा बंद कराव्या लागल्या होत्या, आणि ते योग्यच होतं. शहरातून आलेल्या हौशी माणसाला ‘हा माझा देश आहे’ असं वाटणं सोपं, त्याचा कचरा सोमवारी उचलायचा असतो दुसऱ्यानेच.

पण एंटिकचा निकाल नेमकं कशाचं रक्षण करतो? घर, कपाट, कागद, आणि बलवानापासून दुर्बळाचं एकांतपण. त्याच शब्दाचा आधार घेऊन हजारो एकरांच्या माळावर एका चालणाऱ्याला अडवलं जातं, तेव्हा बलवान कोण आणि दुर्बळ कोण? १८९३ चा एक खटला पाहा. ड्यूक ऑफ रटलंडच्या माळावर ग्राउस पक्ष्यांची शिकार चालली होती. माळामधून जाणाऱ्या सार्वजनिक रस्त्यावर हॅरिसन नावाचा माणूस उभा राहिला आणि पक्षी बिथरावेत म्हणून छत्री उघडू-मिटू लागला, रुमाल हलवू लागला. ड्यूकच्या नोकरांनी त्याला जमिनीवर दाबून धरलं. त्याने मारहाणीचा दावा केला, तर न्यायालयाने सांगितलं की रस्त्याखालची माती ड्यूकची आहे, जनतेला त्यावर ये-जा करण्यापुरताच हक्क, म्हणून छत्री हलवणारा हॅरिसनच घुसखोर. शतकभराने, १९९४ मध्ये, संसदेने उघड्यावरच्या कायदेशीर कामात अडथळा आणण्यासाठी शिरणाऱ्यांकरता ‘तीव्र ट्रेसपास’ हा फौजदारी गुन्हाच निर्माण केला, आणि त्याचा रोख शिकारीत व्यत्यय आणणाऱ्यांवरही होता. १७६५ ला जे हत्यार सत्तेविरुद्ध उगारलं गेलं, ते एव्हाना कोणाच्या हातात गेलं होतं हे वेगळं सांगायला नको.

मालकीची रेघ हलवली तर मालकीच संपेल, ही भीती तर इतिहासाने केव्हाच खोटी ठरवली आहे. जुनं लॅटिन वचन होतं की ज्याची जमीन, त्याचंच वरचं आकाश स्वर्गापर्यंत आणि खालचा भाग पाताळापर्यंत. विमानं उडू लागली तेव्हा या वचनाचं काय केलं? १९२० च्या हवाई वाहतूक कायद्याने सांगून टाकलं की वाजवी उंचीवरून गेलेल्या विमानाविरुद्ध ट्रेसपासचा दावा चालणार नाही. स्वर्ग गेला, कोणी हाय खाल्ली नाही. पाताळाची गोष्ट तर अगदी ताजी आहे. सरे परगण्यातल्या एका इस्टेटीच्या खाली, शेकडो फूट खोल, तेल कंपनीने तिरप्या विहिरी नेल्या होत्या. वर राहणाऱ्याला त्याचा सुगावाही नव्हता. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की हाही ट्रेसपासच. भरपाई ठरली १,००० पौंड. पण दर वेळी मालकाची संमती मिळवत बसणं उद्योगाला परवडणारं नव्हतं, आणि २०१५ च्या पायाभूत सुविधा कायद्याने ३०० मीटरपेक्षा खोल जमीन तेल, वायू आणि भूगर्भातल्या उष्णतेच्या शोधासाठी मालकाच्या संमतीशिवाय वापरण्याचा हक्क देऊन टाकला. म्हणजे डोक्यावरून जेट जाऊ शकतं, पायाखालून ड्रिल जाऊ शकतं, आणि या दोघांच्या मधून बूट घातलेला एक माणूस गेला की मालमत्तेच्या संस्थेला धक्का बसतो! हा युक्तिवाद मालकांच्या वकिलांनी एकदा मोठ्याने वाचून पाहावा.

इथे कोणी म्हणेल, विमान आणि तेल ही राष्ट्राची गरज, फिरणं ही चैन. हे उत्तर मी हलकं मानत नाही. पण मग वाद पावित्र्याचा राहिला नाही, कोणती गरज मोठी एवढ्याचाच उरला, आणि ती चर्चा उघडपणे व्हायला काहीच हरकत नाही. १९३२ च्या २४ एप्रिलला मँचेस्टर आणि आसपासच्या गिरण्या-कारखान्यांतले तरुण किंडर स्काउटच्या पठारावर चढले, ते काही चैनीने कंटाळलेले नव्हते. आठवडाभर धूर खाल्ल्यावर सुट्टीच्या दिवशी मोकळा श्वास घ्यायला जागा हवी होती, आणि डोळ्यांसमोरचा डोंगर शिकारीसाठी राखीव होता. रखवालदारांशी झटापट झाली, पाच जणांना दोन ते सहा महिन्यांचा तुरुंगवास झाला. पण शिक्षा झाली ती दंगल-मारामारीच्या कलमांखाली. ट्रेसपाससाठी कोणालाही तुरुंगात धाडता आलं नाही, कारण इंग्रजी कायद्यात जमिनीवरचा साधा ट्रेसपास हा गुन्हाच नव्हता आणि आजही नाही. तो दिवाणी मामला आहे. ‘आत शिराल तर खटला भरू’ असे फौजदारी धमकीचे फलक इंग्लंडभर पिढ्यानपिढ्या उभे होते, त्यांना जुन्या भटक्यांनी ‘लाकडी खोटारडे’ असं नाव ठेवलं होतं. कायदा ज्याला गुन्हा म्हणत नव्हता त्याला फळ्या गुन्हा म्हणत होत्या, आणि लोकांच्या मनात ठसला तो फळ्यांवरचा मजकूर. २००२ मध्ये, सत्तराव्या स्मृतिदिनी, त्या वेळच्या मालकांचे वंशज असलेल्या ड्यूक ऑफ डेव्हनशायर यांनी आजोबांच्या काळातल्या वागण्याबद्दल जाहीर दिलगिरी व्यक्त केली. तोवर डोंगर खुला होऊन अर्धशतक होत आलं होतं आणि ड्यूकचं घराणं भिकेला लागलेलं नव्हतं.

भटकंतीवाल्यांचा आणखी एक लाडका दाखला मला दुरुस्त करावासा वाटतो: ‘स्कॉटलंडमध्ये ट्रेसपासचा कायदाच नाही.’ हे खोटं आहे. तिथे मालक घुसखोराला न्यायालयातून मनाई आणू शकतो, आणि परवानगीविना मुक्काम ठोकणाऱ्यांविरुद्ध १८६५ चा फौजदारी कायदा आहे. खरं जे आहे ते या दंतकथेहून उपयोगाचं आहे. २००३ च्या जमीनसुधारणा कायद्याने स्कॉटलंडने जवळजवळ सगळ्या जमिनीवर आणि नद्या-सरोवरांवर जबाबदारीने वावरायचा हक्क दिला, आणि घराभोवतीची खासगी जागा, उभं पीक, शाळांची आवारं त्यातून वगळली. एंटिकचं घर शाबूत राहिलं. माळ तेवढा खुला झाला. त्रास झालाच नाही असंही नाही. लोमंड सरोवराच्या काठी तंबूवाल्यांनी इतका कचरा आणि झाडतोड केली की २०१७ पासून मार्च ते सप्टेंबर या काळात ठरावीक पट्ट्यांत परवान्याशिवाय तंबू ठोकायला बंदी आली. इंग्लंडमधले विरोधक हे उदाहरण विजयाने दाखवतात. मला त्यात उलट दिसतं. जिथे उपद्रव झाला तिथे, जेवढा झाला तेवढ्यापुरता नियम आला. त्यासाठी सगळा देश कुलूपबंद करावा लागला नाही. डार्टमूरच्या खटल्यातही आगीची आणि कचऱ्याची भीती मांडली गेली, तेव्हा तो बंदोबस्त करायला राष्ट्रीय उद्यानाच्या प्राधिकरणाकडे उपविधी आहेत, हेच उत्तर मिळालं.

इंग्लंडचा खुल्या वावराचा २००० सालचा कायदा याच्या उलट रीतीने चालतो. डोंगर, माळ, हेदरची पठारं, खडूच्या टेकड्या आणि नोंदलेली सामाईक जमीन एवढंच खुलं, नकाशावर रंगवून. देशाच्या सुमारे ८ टक्के. रान आणि नदीकाठ बहुतांशी बाहेर. काही खुल्या तुकड्यांभोवती सगळी जमीन खासगी आहे, म्हणजे तिथे पोचायला आधी ट्रेसपास करावा लागतो आणि मग हक्काने फिरता येतं. अशा नकाशाने मेंढीचंही रक्षण होत नाही आणि पक्ष्याचंही, कारण मेंढी रंगवलेल्या भागात चरते आणि बेजबाबदार माणूस नकाशा वाचत नाही. कुत्र्याच्या मालकाला जबर दंड हवा असेल तर तो करा. विणीच्या महिन्यांत पठारं बंद ठेवायची असतील तर ठेवा. घरापासून किती अंतर राखायचं ते कायद्यात लिहा. या प्रत्येक नियमाला कारण सांगता येतं. ओक-बीचच्या रानातून मार्च महिन्यात चाललेल्या माणसाला अडवण्याचं कारण विचारलं, तर मात्र ‘ही जमीन माझी आहे’ यापलीकडे काही मिळत नाही. तसं वैमानिकालाही म्हणता आलं असतं.

मजूर पक्षाने जानेवारी २०२३ च्या डार्टमूर निकालानंतर स्कॉटलंडच्या धर्तीचा कायदा करू असं सांगितलं आणि वर्ष संपायच्या आत ते मागे घेतलं. उलट दिशेने पावलं मात्र चटकन पडतात: २०१२ मध्ये रिकाम्या घरात घुसून राहणं गुन्हा झालं, २०२२ मध्ये मोठा उपद्रव होत वा होण्याजोगा असताना, सांगूनही न निघता वाहनासह दुसऱ्याच्या जमिनीवर मुक्काम करणं, आणि त्याचा फटका बसला तो मुख्यतः जिप्सी आणि फिरस्त्या समाजांना. रेघ हलते, फक्त ती ओढणारे हात पाहावे लागतात. डार्टमूरच्या भटक्यांनी जो खटला जिंकला तो १९८५ च्या एका स्थानिक कायद्याच्या एका कलमावर, ‘पायी आणि घोड्यावरून मोकळ्या हवेत करमणुकीसाठी’ या शब्दांवर. तो निकाल शेजारच्या परगण्यात लागू नाही. तिथे त्याच तंबूत झोपलेला तोच माणूस आज रात्री घुसखोर आहे.